समासातला आकडा

बेलापूर. पाचवा मजला. सुनावणी.
मी लघुलेखक. बोललेलं उतरवते.
खरं-खोटं वरचे साहेब बघतात.

भूखंड सत्तावीस, सारसोळ्याच्या मागचा.
सर्वेक्षणाचे धर्माधिकारी उठून म्हणाले:
जागा कोरडी आहे.
आणि नकाशा उलगडला, हळदीसारखा पिवळा.
मत्स्यविभागाची तरुण मुलगी, घसा दोनदा साफ करून:
जागा कोरडी असेल तर तिथे निवटी राहत नाही.
मग पदीबाई वैती,
बसा म्हटलं तरी न बसलेल्या:
"निवट्या हायेत. काल दोन टोपल्या धरल्या,
त्या काय डांबरावं गावल्या?"

तीन विधानं.
त्यातली कुठलीही दोन घ्या, सुखाने नांदतात.
तिसरं उंबऱ्यात आलं की भांडी वाजतात.

जुनं तर्कशास्त्र अशा वेळी हात झटकतं.
विसंगत म्हणजे विसंगत, शून्य.
वर आणि विसंगतातून काहीही निघतं:
वाशीचा पूल मिठाचा आहे,
मी साहेबांची सासू आहे.
सगळं सिद्ध.

पण वीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेल्या एम. ए. मध्ये
केळुसकर सरांनी एक दुसरं गणित दाखवलं होतं,
खरं आणि खोटं यांच्यामध्ये खाजण असतं हे मानणारं.
तिथे विचारतात,
या सगळ्यांना एकाच वेळी किती खरं मानता येईल?
पंगतीत ज्याच्या पानात सर्वांत कमी पडलं
त्याचं माप घ्यायचं,
वाढप बदलून बदलून ते होईल तितकं मोठं करायचं.
जिथे थांबेल, ती त्या पंगतीची सुसंगती.

'आहे' आणि 'नाही' समोरासमोर बसले तर अर्धी.
भांगाच्या पाण्यासारखी, त्याच्या वर चढतच नाही.
आमच्या तिघांचं मी टेबलाखाली बोटांवर केलं.
प्रत्येकाने एक तृतीयांश सोडायचं,
दोन तृतीयांश घरी न्यायचं.
साखळीत चौथा असता, तर पाव सोडून भागलं असतं.
भांडणात माणसं वाढली
की एकेकाला सोडावं लागतं ते कमी होतं,
हे मला तेव्हा परीक्षेपुरतं कळलं होतं.

समासात पेन्सिलीने लिहिलं: २/३.

आणि पेन्सिल तिथेच थांबली.
धर्माधिकाऱ्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे
नकाशावर बोटभर निळा रंग.
त्या मुलीचा,
'राहत नाही'च्या आधी एक 'सहसा'.
पदीबाईंचा तिसरा हिस्सा टोपलीत आहे
आणि शेपूट आपटतो आहे.

आकडा चुकलेला नाही. दोनदा तपासला.
पंगतीला बसलेला कोण घरून जेवून आलाय
हे त्याला विचारायची सोय नाही, एवढंच.

साहेब वाकले. "खानविलकरबाई, हे समासात काय?"
"पान क्रमांक, सर."
"तीनपैकी दुसरं. मग तिसरं कुठाय?"
"यायचंय."
त्यांनी मान डोलावली आणि पुढची तारीख दिली.

संध्याकाळी सारसोळ्याला उतरले. का, ते विचारू नका.
अवस परवाच झालेली, उधाणाचे दिवस.
रस्त्याखालच्या पाइपातून खाडी आत येत होती,
आवाज न करता, मागच्या दाराने येणाऱ्या पाहुण्यासारखी.
चिखलावर निवट्या:
मासा म्हणावं तर हातांवर सरकतात,
सरडा म्हणावं तर कल्ले मिटलेले,
डोळे डोक्यावर, दोन्हीकडचं बघायला.
त्यांना कुणी तारीख दिली नव्हती.

बांधावरून पदीबाई ओरडल्या,
"पाय काढा बाई, पानी चढतंय!"
मी चपला हातात घेतल्या, पण उभी राहिले.
जागा कोरडी आहे,
असं एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.
घोट्याच्या वर
ते अजून खरं होतं.